आपल्या हाताजोगा चाकू

 शिरोळहून बोलतेय. मागच्या खेपेला आपण गटाची वही आणि व्याजाचा हिशेब यावर बोललो होतो. आजचा विषय पिशवीच्या कोपऱ्यात मावेल एवढा छोटा आहे. मिटायचा चाकू. बाजारात मिळणारा साधा चाकू आणायचा आणि घरच्या घरी आपल्या हाताला बसेल असा करून घ्यायचा, तो कसा, ते आज सांगते.

विषय कळला तेव्हा इथल्या रेकॉर्डिंगच्या ताई हसल्या. "बायकांच्या कार्यक्रमात चाकू?" म्हणल्या. मी म्हणलं, ताई, दिवसभरात सगळ्यात जास्त कापाकापी कोण करतं? सकाळी विळीवर भाजी, रानात गेलं की विळ्यानं वैरण, खुरप्यानं तण. कोथिंबिरीच्या जुड्या बांधताना सुतळी तोडायची, खताच्या पोत्याची शिवण उसवायची, ठिबकची नळी कापायची, वांगी देठासकट काढायची. एवढं सगळं करणाऱ्या बाईच्या पिशवीत चाकू नसतो. तो मालकांच्या नाहीतर पोराच्या खिशात असतो. मग काय करतो आपण? सुतळी दातानं तोडतो. पोत्याची शिवण विळ्याच्या टोकानं ओढतो. वांग्याचं देठ पिरगळतो आणि काटे बोटात मोडून घेतो.

आणि गंमत बघा. बाळंतिणीच्या उशाखाली चाकू किंवा अडकित्ता ठेवायची रीत आपल्याकडं घरोघरी आहे. हळद लागली की नवरदेवाच्या हातात लिंबू टोचलेली कट्यार देतात. म्हणजे रीतीला लोखंड चालतं. पण एखादीनं बाजारात दुकानदाराला म्हणलं, "मला एक मिटायचा चाकू दाखवा," की तो पहिल्यांदा तिच्या मागं कोण आलंय ते बघतो. आमच्या एका गटातल्या वहिनींना तर विचारलंच एकानं, "कशाला पाहिजे?" त्या म्हणाल्या, "कोथिंबीर कापायला, अजून कशाला?"

आता जरा गंभीर बोलते. आपला तालुका कृष्णा-पंचगंगेच्या काठचा. २००५ चा महापूर आपण बघितला, २०१९ चा बघितला, परत २०२१ चा. पूर आला की माणूस आधी काय सोडवतो? गोठ्यातली जनावरं. आता सुताचं नाहीतर नायलॉनचं दावं पाण्यात भिजलं आणि घाबरलेल्या जनावरानं हिसके दिले की त्याची गाठ अशी आवळते की नखं तुटतील पण गाठ सुटत नाही. २०१९ साली आमच्या गटातल्या एक वहिनी घरात एकट्याच होत्या, मालक मुलांना पाहुण्यांकडं सोडायला गेलेले. पाणी गोठ्यात शिरलं, दोन म्हशी आणि एक रेडकू. दावं सुटेना. त्या परत स्वयंपाकघरात गेल्या आणि विळी उचलून आणली. भाजी चिरायची विळी, पाटासकट! गुडघाभर पाण्यात, एका हातात विळी, दुसऱ्या हातानं दावं ताणून धरलेलं. म्हशी सुटल्या, रेडकूही सुटलं. पण वहिनींच्या मनगटाच्या वर जी खूण आहे ती त्याच दिवसाची. तीन इंचाचा एक चाकू कमरेला असता तर एका हातानं झालं असतं ते काम. पुढं गटाच्या बैठकीत त्यांनीच हा विषय काढला, "कर्जाचं नंतर बघू, आधी प्रत्येकीला एक चाकू घेऊया."

चाकू घेतले. आणि मग कळलं की घेऊन भागत नाही. आठवड्यात निम्म्या जणींनी ते कपाटात ठेवले. एकीची मूठ हातात फिरत होती, एकीला ओल्या हातानं पातं उघडत नव्हतं, एकीचं बोट पातं मिटताना सापडलं. हत्यारं ज्याच्या हाताच्या मापानं बनतात त्याच्याच हाताला बसतात. विळ्या-खुरप्यांवर आपल्याकडं काम झालंय. भुवनेश्वरला १९९६ पासून शेतकरी महिलांसाठी राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, तिथं बाईच्या हाताचं आणि ताकदीचं माप धरून अवजारांवर काम चालतं. पण दुकानातल्या साध्या मिटायच्या चाकूचा विचार कोण करणार? तो आपणच करायचा.

आधी घेताना काय बघायचं ते सांगते. पातं तीन इंचाच्या आसपास असावं. त्याहून मोठं लागत नाही. चाकू उघडा आणि मुठीत धरा. मुठीचं शेवटचं टोक तळहाताच्या थोडं बाहेर आलं पाहिजे. मूठ आखूड असली तर तिचं टोक बरोबर तळव्याच्या मध्यात रुततं आणि शंभर जुड्यांनंतर तिथं दुखायला लागतं.

मग पातं उघडं राहतं का ते बघा. मिटायच्या चाकूत साधारण दोन तऱ्हा येतात. एकात पात्याच्या पाठीशी स्प्रिंगची पट्टी असते. ती पातं नुसतं दाबून धरते, अडकवत नाही. जोर उलटा पडला की पातं मिटतं आणि खाली आपली बोटं असतात. दुसऱ्यात पातं पूर्ण उघडलं की आतली पट्टी बाजूला सरकून त्याच्या बुडाला टेकते, टक् असा आवाज येतो. ती पट्टी अंगठ्यानं बाजूला केल्याशिवाय पातं मिटत नाही. थोडे पैसे जास्त गेले तरी हाच दुसरा घ्या. दुकानातच पारखायचं असलं तर मूठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा, बोटं पात्याच्या वाटेत नकोत, आणि पात्याची पाठ फळीवर हळूच दाबा. मिटलं तर परत ठेवा. फ्रान्समध्ये ओपिनेल नावाचा शेतकऱ्यांचा चाकू १८९० पासून बनतो, लाकडी मुठीचा, अगदी साधा. त्यालासुद्धा पातं अडकवायची फिरती कडी १९५५ साली बसवली. तिथल्या शेतकऱ्यांचीही बोटं सापडत असणारच की. एक मात्र लक्षात ठेवा, अडक नसलेल्या चाकूला घरी अडक बसवायच्या फंदात पडू नका. ते घरचं काम नव्हे.

आता मूठ. खुरप्याची मूठ हाताला लागायला लागली की आपण सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळतो. चांगली युक्ती आहे. पण मिटायच्या चाकूला ती चालत नाही, कारण मुठीला एका अंगाला खाच असते आणि पातं त्या खाचेत बसतं. गुंडाळलं की खाच बंद, चाकू मिटणारच नाही. म्हणून मुठीच्या फक्त दोन गालांवर काम करायचं. खाच आणि पाठ मोकळी सोडायची.

किती जाडी पाहिजे हे कसं कळणार? कणीक मळताना एक गोळा जास्तीचा घ्या. चाकूच्या मुठीएवढा काठीचा तुकडा घ्या, त्याच्या दोन्ही गालांवर कणीक थापा आणि कापताना धरतो तसं आवळा. बोटं जिथं रुततात तिथं कणीक दबते, जिथं मूठ पोकळ वाटते तिथं फुगून वर येते. बोटांची टोकं तळव्यात रुतायला नकोत आणि मूठ फिरायलाही नको, अशी जाडी येईपर्यंत कणीक कमी-जास्त करा. मग ती जाडी पट्टीनं मोजा. बहुतेकींना दोन्ही बाजूंना तीन ते पाच मिलिमीटरच जास्त लागतात. संधिवातानं बोटं पूर्ण मिटत नाहीत अशा मावश्यांना जास्त लागते, त्यांनी लाजू नये, जाड मूठच त्यांना बरी.

लाकूड कुठलं? इथं आमच्या काकूंची युक्ती सांगते. मोडकं लाटणं! शिसवीचं किंवा बाभळीचं जुनं लाटणं, टोक तुटलं म्हणून माळ्यावर पडलेलं, प्रत्येक घरात असतं. वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड असतं ते, पिळत नाही, फाटत नाही. गावातल्या सुताराकडं न्या आणि त्याच्या उभ्या दोन चिपा काढून मागा, लागेल त्या जाडीच्या. त्याला पाच मिनिटांचं काम आहे. लाटणं नसलं तर सागवानी दाराच्या चौकटीचा तुकडा, चिंचेचं लाकूड, नाहीतर बांबूची जाड चीप. ओलं लाकूड घेऊ नका, वाळताना ते गोंदातून सुटून येतं.

चिपा बसवताना चाकूचा मधला खिळा, म्हणजे ज्यावर पातं फिरतं तो, उघडा ठेवायचा. चीप त्याच्या खाली सुरू करा. झाकून टाकला तर पुढं सैल पडल्यावर घट्ट करता येणार नाही. कंपनीनं ठोकलेले खिळे काढू नका. चाकू सगळा सुटा केला की परत तसाच जुळत नाही. जुनी प्लॅस्टिकची मूठ तशीच राहू द्या, फक्त पॉलिश पेपरनं खरखरीत करा, म्हणजे गोंद धरतो. पातं मिटलेलं ठेवा आणि चिकटपट्टीनं बांधून टाका. मग दोन ट्यूबांचा गोंद येतो ना, दोन्ही सारखे घेऊन कालवायचा, तो लावा. फेविकॉल इथं टिकत नाही, पावसात सुटतो. गोंद पातळ लावा, खाचेत आणि खिळ्यात जाऊ देऊ नका, गेला तर लगेच काडीनं काढा. चिपा दाबून बसवा आणि वरून कपडे वाळत घालायचे चिमटे लावा, तीन-चार. चिमटे कमजोर वाटले तर इथं मात्र सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधा, तात्पुरती. चोवीस तास हलवू नका. गोंद कालवायचं काम अंगणात करा, स्वयंपाकाच्या ओट्यावर नको, आणि हाताला लागू देऊ नका, काहींना त्याचा पुरळ येतो.

दुसऱ्या दिवशी घासकाम. हार्डवेअरच्या दुकानात पॉलिश पेपर नंबरावर मिळतो. आधी ८०, त्यानं आकार द्यायचा. मग १२०, मग २४०, शेवटी ४००. पातं मिटलेलं आणि बांधलेलंच पाहिजे. कडा गोल करा, तर्जनी जिथं टेकते तिथं किंचित खोलगट करा. नाकातोंडाला ओढणी किंवा पदर बांधा, शिसवीची धूळ घशाला लागते. हे काम टीव्ही बघत करायचं. दोन संध्याकाळी लागतात आणि खरं सांगू, हात थांबत नाही. आमच्या एका बैठकीत हप्ते गोळा करून झाले तरी कोणी उठेना, सगळ्या आपापल्या मुठी घासत बसलेल्या.

शेवटी तेल. शेंगतेल, गोडेतेल लावू नका, ते वाळत नाही, चिकट राहतं आणि वास मारतं. जवसाचं तेल लावा, ते हवेत वाळून घट्ट होतं. फडक्यानं पातळ हात, अर्ध्या तासानं जास्तीचं पुसून घ्या, दोन-तीन दिवस वाळू द्या, असे तीन हात. आणि हे नीट ऐका, ते फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि चुरगाळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून उन्हात वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. वाण्याकडं, आयुर्वेदिक दुकानात जवसाचं तेल मिळतं. रंगाच्या दुकानातल्या तेलात वाळायला मसाला घातलेला असतो, भाजी कापायच्या चाकूला ते नको.

उघडायची अडचण सगळ्यात जास्त जणींनी सांगितली. पात्यावर नखानं ओढायची एक खाच असते. आपली नखं कामानं झिजलेली, हात ओले, मातीचे. नख टिकत नाही. यावर उपाय असा, मुठीच्या दोन्ही गालांवर, मिटलेल्या पात्याची पाठ जिथं वर दिसते तिथं, कानशीनं अर्धचंद्रासारखी छोटी खोबण घासा. म्हणजे पाठ जरा जास्त उघडी पडते आणि अंगठा-बोटाच्या चिमटीत धरून पातं ओढता येतं. खोबण उथळच पाहिजे. पाठ दिसावी, आतली धार दिसता कामा नये. एवढ्या एका कामानं कपाटातले चाकू बाहेर आले आमच्याकडं.

आता धार. सायकलवर चाक लावून "चाकू-सुरीला धाऽऽर" म्हणत फिरणारे येतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, विळ्याला त्यांची धार चांगली. पण लहान पात्याला चाकाची धार देताना ठिणग्या उडतात, पातं तापतं. लोहारानं पोलादाला जे पाणी दिलेलं असतं, तापवून एकदम विझवलेलं, त्याच्यावरच धार टिकते. कड तापून निळी पडली की ते पाणी उतरलं. मग रोज धार लावा, रोज बोथट. म्हणून घरी दगडावर लावा. दोन बाजूंचा दगड मिळतो, एक खरखरीत, एक बारीक.

दगडावर पातं किती तिरकं धरायचं हा सगळ्यांचा प्रश्न. कागदाचा चौकोन घ्या. कोपऱ्यातून कोपऱ्याकडं अशी घडी घाला की कोपरा निम्मा होईल. परत एकदा निम्मा करा. नव्वदचे पंचेचाळीस झाले, पंचेचाळीसचे साडेबावीस. ते टोक दगडावर उभं ठेवा आणि पातं त्याच्या तिरकसपणाला लावून बघा. बस, तेवढंच. दगड ओला करा, आणि दगडावरून पातळ चकती कापतोय असं समजून धार पुढं ढकला. एका बाजूनं दहा वेळा, दुसऱ्या बाजूनं दहा वेळा, मग पाच-पाच, मग एक-एक. दगड नसला तर चिनी मातीचा कप पालथा घाला, त्याच्या बुडाची जी खरखरीत कड असते तिच्यावर धार उजळते. पारख बोटावर करू नका. पिकलेल्या टोमॅटोवर पातं ठेवा आणि न दाबता ओढा. साल कापली गेली की झाली धार.

टोकाचं एक माझं मत आहे, पटलं तर घ्या. दावं, सुतळी, देठ, नळी, यातल्या कशालाच अणकुचीदार टोक लागत नाही. दगडाच्या खरखरीत बाजूवर टोक गोल करून टाका. घरात लहान लेकरं असतील तर जरूरच. काही जणी म्हणल्या, मग तो चाकूसारखा दिसत नाही. नसेना का!

वापरताना आपली एक सवय आड येते. विळी जमिनीवर स्थिर असते, भाजी आपण पात्याकडं नेतो. विळा आपण स्वतःकडं ओढतो. दोन्हीत हात आपल्या अंगाकडं यायला शिकलेला असतो. चाकूत पातं फिरतं, आणि सवयीनं आपण ते अंगठ्याकडं ओढतो. वांग्याचं, भेंडीचं देठ कापताना तर हमखास. आपल्या नदीकाठच्या मळीतल्या वांग्यांचं देठ किती काटेरी आणि चिवट असतं तुम्हाला माहीत आहे. त्यामुळं अंगठ्याला ट्यूबचं टोपण करा. सायकल ट्यूबचा दोन इंच तुकडा, एका बाजूनं शिवून टाकायचा. काट्यापासून आणि पात्यापासून दोन्हीकडून बचाव. दावं कापताना मात्र पातं अंगापासून लांब, बाहेरच्या बाजूला चालवायचं, जनावर हिसका मारणार हे धरूनच.

खिळा सैल झाला, पातं डुगडुगायला लागलं तर बघा स्क्रू आहे का. असला तर पिळा, आणि परत सैल होऊ नये म्हणून स्क्रू काढून त्याच्या आट्यांवर नखाला लावायच्या पॉलिशचा एक थेंब लावून बसवा. वाळला की धरून ठेवतो. लेकीच्या डबीतली जुनी घट्ट झालेली पॉलिश याला उत्तम. ठोकलेला खिळा असला तर तो लोहाराकडूनच ठोकून घ्या. आपल्याकडं घिसाडी मंडळी येतात त्यांनाही जमतं. पण पातं घट्ट जाम होणार नाही एवढंच ठोका म्हणावं.

गंजाचं सांगायला वेळ कमी आहे, थोडक्यात सांगते. स्टेनलेसचं पातं असेल तर धुऊन पुसलं की झालं. साध्या पोलादाचं पातं कच्च्या केळ्यानं, चिंचेनं काळं पडतं, तो काळा थर घासून काढू नका, तांबडा गंज तेवढा काढा. फिरत्या खिळ्यात महिन्यातून एकदा खोबरेल तेलाचा थेंब. कोल्हापुरी चप्पल करणाऱ्यांकडं कातड्याची कातरणं मिळतात, त्याची चाकूला सुंदर पिशवी होते, आमच्या दोघीतिघींनी केलीये. पण पावसाळ्यात चाकू त्यात ठेवू नका, कातडं ओल धरतं आणि पातं गंजतं. मुठीच्या टोकाला भोक असतं, त्यात भडक केशरी नाहीतर पिवळी दोरी ओवा. काळा चाकू गवतात पडला की गेलाच, दोरी दिसते. ती दोरी मनगटात अडकवून कडबाकुट्टीजवळ जायचं नाही. गळ्यात तर कधीच नाही.

आणि नाव घाला. भांड्यांच्या दुकानात नाव घालायचं मशीन असतं, टकटक करत ठिपक्यांनी अक्षरं काढतं. आपल्या घरातल्या भांड्यांवर कोणाची नावं असतात बघा. सासऱ्यांचं, मालकांचं, नाहीतर लग्नात आहेर देणाऱ्याचं. चाकूच्या पात्यावर तुमचं स्वतःचं नाव घाला. आमच्या एक आत्याबाई साठीच्या पुढच्या आहेत. त्या म्हणाल्या, माझं नाव लिहिलेली ही घरातली पहिली वस्तू. स्वित्झर्लंडचा लाल मुठीचा चाकू तुम्ही कुठंतरी बघितला असेल, व्हिक्टोरिनॉक्सचा. तो कारखाना कार्ल एल्सनर यांनी १८८४ साली काढला, १८९१ साली तिथल्या सैन्याला चाकू दिले. १९०९ मध्ये त्यांची आई वारली, तिचं नाव व्हिक्टोरिया, तेच त्यांनी आपल्या मालाला दिलं. १९२१ साली न गंजणाऱ्या पोलादाचा 'इनॉक्स' त्याला जोडला. जगभरातल्या सैनिकांच्या खिशात एका आईचं नाव फिरतंय म्हणा की.

आता एक प्रश्न प्रत्येक गावात हळू आवाजात विचारला जातो, तो इथं मोठ्यानं घेते. "ताई, रात्री एकटीनं यायचं असलं तर हा चाकू उपयोगी पडेल का?" माझं उत्तर, नाही. समोरचा ताकदीनं जास्त असला तर तो चाकू त्याच्या हातात जातो, आणि पुढचं सांगायला नको. रात्रीसाठी ११२ नंबर मोबाईलमध्ये ठेवा, सोबत धरा, ओरडा. हा चाकू कामाचा आहे. आणि कायद्याचंही ऐकून ठेवा. १९५९ चा शस्त्र कायदा आहे. त्याच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं शस्त्रांत मोजतात, घरकामाची आणि शेतीची अवजारं वगळून. आपला तीन इंची चाकू त्या मापाच्या कितीतरी आत आहे. तरी बटण दाबलं की पातं झटकन बाहेर येणारा चाकू स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, पोलिसांची नजर त्याच्यावर वेगळी असते आणि आपल्याला त्याचं काही काम नाही. बाजाराला एसटीनं जाताना चाकू मिटून पिशवीत, भाजीच्या सामानात ठेवा. कोर्टात, विमानतळावर जायचं असेल तर घरी ठेवून जा. जत्रेत, भांडणाच्या जागी तर कमरेला नकोच.

पुराचे दिवस जवळ आले की आपण कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधतो, आधार कार्ड, सातबारा, गटाचं पासबुक. त्या पिशवीत चाकू ठेवू नका, ती पिशवी वर माळ्यावर जाते. चाकू गोठ्याच्या दारात, आतल्या बाजूला, डोक्याच्या उंचीवर खिळ्याला टांगा, केशरी दोरीनं. घरातल्या सगळ्यांना जागा माहीत पाहिजे, अंधारात हात घातला तरी सापडला पाहिजे. मुलांचा हात पोचणार नाही एवढी उंची धरा. गोठा आणि रान दोन्हीकडं लागत असेल तर दोन चाकू करा, एकच इकडं-तिकडं फिरवला की नेमका नको तेव्हा दुसरीकडं असतो.

पुढच्या आठवड्यापासून आमच्या गटांच्या बैठकीत मूठ बसवायचं काम आम्ही एकत्र करणार आहोत. दगड आणि कानस गटाच्या पैशातून घेतलीये, ती सगळ्यांची. गोंदाच्या ट्यूबा एका जोडीत पाच-सहा चाकू होतात, त्यामुळं पाच जणी मिळून घ्या, उरलेला गोंद वाळून वाया जातो. चिमटे, पॉलिश पेपर आणि नाकाला बांधायला फडकं घरून आणा. चाकू नसला तरी या, आधी कणकेवर माप घेऊ. आणि माळ्यावरचं मोडकं लाटणं शोधून ठेवा, चुलीत घालू नका.